रुग्णालयाचे आकडे उद्योजकांसमोर मांडताना

धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक अहवाल अनेकांच्या हाती जातो. त्यातील छायाचित्रे सर्वजण पाहतात, मनोगते काहीजण वाचतात. आकड्यांची पाने मात्र पेन्सिल हातात घेऊन वाचणारा वाचकवर्ग प्रामुख्याने एकच असतो, आणि तो म्हणजे उद्योजकांचा. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील कारखानदारीने या शहराला केवळ रोजगार दिला नाही, तर आकडे वाचण्याची एक विशिष्ट सवयही दिली आहे. उत्पादन किती, नाकारलेला माल किती, यंत्र किती तास रिकामे राहिले, या प्रश्नांची उत्तरे दररोज सकाळी मागणारी मंडळी आमच्या सभागृहात येऊन बसतात तेव्हा तीच सवय बरोबर घेऊन येतात. ही सवय आमच्या दृष्टीने मोलाची आहे. परंतु रुग्णालयाचा आकडा आणि कारखान्याचा आकडा दिसायला सारखा असला तरी प्रत्येक वेळी त्याचा अर्थ सारखा नसतो. हा फरक स्पष्ट करून सांगणे ही आकडा मांडणाऱ्याची जबाबदारी आहे, अशी आमची धारणा असल्याने हा लेख या अहवालात समाविष्ट करीत आहोत.

या संवादाला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अंमलात आली. २०२१ च्या सुधारित नियमांनी त्यात आणखी भर घातली. ज्या कंपन्यांचे हे दायित्व मागील तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये वा अधिक आहे, त्यांना १ कोटी रुपये वा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घेणे बंधनकारक झाले. पूर्वी देणगी ही श्रद्धेने दिली जाई आणि पावतीवर तिचा हिशेब संपे. आता देणाऱ्यालाही आपल्या संचालक मंडळापुढे उत्तर द्यावे लागते. त्यामुळे रुग्णालयाने दिलेला आकडा रुग्णालयाच्या भिंतीआड राहत नाही. तो दुसऱ्या संस्थेच्या अहवालात जाऊन बसतो, आणि तेथे त्याचा अर्थ सांगायला आम्ही उपस्थित नसतो.

पुढील विवेचनात उदाहरणादाखल घेतलेले आकडे समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत, ते कोणत्याही एका रुग्णालयाचे नाहीत, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

प्रथम ‘लाभार्थी’ हा शब्द घेऊ. सेवाभावी संस्थांच्या अहवालांतील हा सर्वांत लाडका आणि सर्वांत निसरडा शब्द आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला साधारणतः आठवड्यातून दोन ते तीन वेळा डायलिसिस घ्यावे लागते. तीन वेळा धरल्यास एका वर्षात एका रुग्णाची १५६ सत्रे होतात. शंभर रुग्णांची १५,६०० सत्रे झाली आणि अहवालात ‘१५,६०० लाभार्थी’ असे छापले गेले, तर वाक्य खोटे आहे असे सिद्ध करणे कठीण. पण वाचणाऱ्याच्या मनात उभे राहिलेले चित्र पूर्णतः चुकीचे असते. त्याला वाटते, एका मोठ्या गावाएवढी माणसे येऊन गेली. प्रत्यक्षात ती शंभरच कुटुंबे आहेत, आणि त्यांचे येणे थांबले तर काही आठवड्यांत काय होईल हे सांगण्याची गरज नाही. आमच्या मते ‘शंभर माणसे वर्षभर जगवली’ हे विधान पंधरा हजारांच्या आकड्यापेक्षा कितीतरी भारदस्त आहे. शिवाय ते खरे आहे. म्हणून व्यक्ती किती, भेटी किती आणि प्रक्रिया किती, हे तीन आकडे वेगळे लिहावेत आणि त्यांची बेरीज करण्याचा मोह टाळावा.

दुसरा नेहमीचा प्रश्न खाटांच्या वापराचा. वीस खाटांच्या कक्षात तीस दिवसांच्या महिन्यात ६०० खाट-दिवस उपलब्ध असतात. त्यांपैकी ५४० दिवस खाटा भरलेल्या असतील तर वापर ९० टक्के होतो. कारखानदाराच्या नजरेला ९० टक्के हे चांगले आणि ७५ टक्के हे सुस्तीचे लक्षण वाटते. २५ टक्के क्षमता वाया जात असताना नव्या खाटा कशासाठी, असा प्रश्न तो विचारतो. प्रश्न रास्तच आहे. मात्र कारखान्यातील मागणी वेळापत्रकात बसवता येते, तातडीच्या रुग्णाची बसवता येत नाही. सरासरी ९० टक्के याचा अर्थ काही दिवस ७५ टक्के आणि काही रात्री एकही खाट शिल्लक नाही असा होतो. १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासाने दाखवून दिले, की तातडीच्या रुग्णांसाठीच्या खाटांचा सरासरी वापर ८५ टक्क्यांपुढे गेला की धोका जाणवू लागतो, आणि ९० टक्क्यांपुढे खाटांची टंचाई ही नित्याची बाब होते. तेव्हा उद्योजकांपुढे केवळ सरासरी न ठेवता तिच्याबरोबर एक वेगळा आकडा ठेवावा: महिन्यातील किती रात्री कक्षात एकही खाट रिकामी नव्हती आणि त्या रात्री किती रुग्णांना दुसरीकडे पाठवावे लागले. हा आकडा समजण्यासाठी वैद्यकशास्त्र येण्याची गरज नाही. मालाची मागणी आली आणि ती परत पाठवावी लागली, हा अनुभव प्रत्येक व्यावसायिकाने घेतलेला असतो.

वास्तव्याच्या सरासरी दिवसांबाबत थोडक्यात इतकेच, की नऊ रुग्ण प्रत्येकी तीन दिवस राहिले आणि दहावा ६३ दिवस राहिला तर सरासरी नऊ दिवस येते. नऊ दिवस राहिलेला मात्र त्यांत एकही रुग्ण नाही. अशा ठिकाणी मधला रुग्ण किती दिवस राहिला ते सांगावे आणि ६३ दिवस राहिलेल्या रुग्णाविषयी स्वतंत्र एक ओळ लिहावी; बहुधा खर्चाचा मोठा भाग त्या एका ओळीतच दडलेला असतो.

आता ज्या विषयासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळतो. नवजात अतिदक्षता कक्षातील मृत्यूंचे प्रमाण हा आकडा देणगीदारांच्या सभेत विचारला जातोच, आणि विचारला गेलाच पाहिजे. दोन रुग्णालये कल्पनेत घेऊ. दोन्हीकडे वर्षभरात प्रत्येकी ४०० बाळे दाखल झाली. पहिल्या रुग्णालयात १९ बाळे दगावली, म्हणजे पावणेपाच टक्के. दुसऱ्यात ४४, म्हणजे ११ टक्के. उपकरणांसाठी मदत कोणाला द्यावी, हा निर्णय एवढ्याच माहितीवर घ्यावयाचा झाला तर तो क्षणात होईल. परंतु हीच बाळे जन्मवजनानुसार वेगळी करून पाहू. पहिल्या रुग्णालयात दीड किलो वा त्याहून अधिक वजनाची ३६० बाळे होती, त्यांपैकी ९ दगावली: अडीच टक्के. दीड किलोहून कमी वजनाची ४० होती, त्यांपैकी १० दगावली: २५ टक्के. दुसऱ्या रुग्णालयात अधिक वजनाची २०० पैकी ४ दगावली: २ टक्के. कमी वजनाची २०० पैकी ४० दगावली: २० टक्के. म्हणजे दोन्ही गटांत दुसऱ्या रुग्णालयाची कामगिरी सरस आहे, आणि एकत्रित आकड्यात मात्र ते दुपटीहून वाईट दिसते. संख्याशास्त्रात हा चकवा एडवर्ड सिम्प्सन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९५१ मध्ये त्याचे विवेचन केले होते.

हे कोडे कागदावरचे नाही. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा येथून अपुऱ्या दिवसांची, थंड पडलेली, काही तासांचा प्रवास करून आलेली बाळे या शहरात येतात. अशी बाळे स्वीकारणाऱ्या कक्षाचे मृत्यूप्रमाण वाढते आणि नाकारणाऱ्याचे घटते. कारखान्यात येणारा कच्चा माल तपासून, निकृष्ट असल्यास दारातूनच परत पाठवता येतो. किंबहुना चांगल्या कारखान्याचे ते लक्षणच मानले जाते. रुग्णालयाने हेच केले तर त्याचा आलेख सुंदर दिसेल आणि बाळ रस्त्यात दगावेल. उद्योजकांना हा फरक एकदा त्यांच्याच शब्दांत सांगितला की पुन्हा सांगावा लागत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. म्हणूनच या शहरातील कोणत्याही धर्मादाय वा खासगी रुग्णालयाने आपले मृत्यूप्रमाण घाटीपेक्षा कमी असल्याचे भूषण मिरवू नये, असेही आम्हांस वाटते. शासकीय रुग्णालयाच्या दारातून कोणालाही परत पाठवता येत नाही, आणि इतरांनी पाठवलेले शेवटच्या घटकेतील रुग्ण तेथेच पोहोचतात.

या वादाला दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्ये ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत इंग्लंडमधील १०६ प्रमुख रुग्णालयांचे मृत्यूप्रमाण प्रसिद्ध केले. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी तयार केलेल्या त्या कोष्टकात लंडनच्या २४ रुग्णालयांचे प्रमाण ९०.८४ टक्के दाखवले होते. शंभरांपैकी नव्वद रुग्ण दगावतात असाच अर्थ कोणीही घेईल. प्रत्यक्षात वर्षभरातील ३,८२८ मृत्यूंना ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी रुग्णालयात असलेल्या ४,२१४ रुग्णसंख्येने भागले होते. वर्षभरात दाखल झालेल्या एकूण रुग्णांनी भागले असते तर हे प्रमाण कितीतरी खाली आले असते. टीकाकारांनी हा दोष दाखवला आणि लंडनची रुग्णालये अधिक गंभीर रुग्ण घेतात हाही मुद्दा मांडला. नाइटिंगेल यांचा हेतू रुग्णालयांतील अस्वच्छतेकडे लक्ष वेधण्याचा होता आणि त्यांच्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तरीही भागाकारातील खालचा आकडा कोणता, हे ठळकपणे न सांगितल्यास थोर माणसाचे कोष्टकही वाचकाला भलतीकडे नेते.

खालच्या आकड्याचा हाच घोटाळा आजही वेगळ्या रूपात दिसतो. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा अर्भक मृत्यूदर दर हजार जिवंत जन्मांमागे १६ होता, देशाचा २८. अतिदक्षता कक्षाचा टक्का त्याशेजारी ठेवून ‘राज्यात दीड टक्का आणि तुमच्याकडे ११ टक्के?’ असे विचारणारा वाचक भेटतो. राज्याच्या आकड्यात सर्व जन्म आहेत, कक्षाच्या आकड्यात केवळ आजारी जन्मलेली बाळे. हे दोन आकडे एका पानावर छापायचेच असतील तर दोहोंमध्ये एक वाक्य असावेच असावे.

आणखी एक आकडा असा आहे, जो बहुतेक अहवालांत छापलाच जात नाही. अतिगंभीर बाळाचा खर्च झेपेनासा झाला, किंवा आशा सुटली, म्हणजे नातेवाईक वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध बाळाला घरी नेतात. रुग्णालयीन बोलीत यालाच ‘डामा’ म्हणतात. ही बाळे मृत्यूंच्या नोंदीत येत नाहीत. बरी होऊन गेलेल्यांतही ती नसतात. एखाद्या वर्षी मृत्यूप्रमाण घटले आणि त्याच वर्षी अशी घरी नेलेली बाळे वाढली असतील, तर मृत्यू घटले असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. वास्तव्याचे सरासरी दिवसही त्यामुळे कमी होतात आणि कार्यक्षमता वाढल्याचा भास निर्माण होतो. हा आकडा देणगीदारांपुढे ठेवण्यास संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु पैशाअभावी घरी गेलेली बाळे किती, या एका आकड्याइतका मदतीच्या निर्णयाशी थेट जोडलेला दुसरा आकडा नाही. तो झाकून यंत्रसामग्रीची मागणी करणे म्हणजे दुखणे लपवून औषध मागण्यासारखे आहे. एखादे बाळ यंत्र नसल्यामुळे गेले की यंत्र असूनही पुढच्या चार दिवसांचे पैसे नसल्यामुळे गेले, यावर मदत उपकरणांसाठी द्यावी की उपचार-निधीसाठी, हे ठरते.

लहान संख्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. एका तिमाहीत शस्त्रक्रियेनंतरच्या जंतुसंसर्गाचे तीन रुग्ण आढळले आणि पुढच्या तिमाहीत सहा, तर ‘संसर्गात १०० टक्के वाढ’ हे वाक्य गणिताने बरोबर असले तरी त्यावरून कोणाला जबाबदार धरणे अन्यायाचे ठरू शकते. येथे उद्योजकांचे ज्ञान आम्हांला उपयोगी पडते. १९२४ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. नेहमीची चढ-उतार कोणती आणि दखल घेण्याजोगी कोणती, हे वेगळे करणारा हा आलेख वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्या पर्यवेक्षकाला परका नाही. टक्केवारीच्या बाणांऐवजी मागील चोवीस महिन्यांचे बिंदू आणि वरची-खालची मर्यादा दाखवली, तर सभेतील पंधरा मिनिटांची चर्चा दोन मिनिटांत योग्य ठिकाणी येते.

ऋतूंची गोष्ट मात्र त्यांना आवर्जून सांगावी लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू, हिवताप व अतिसाराचे रुग्ण वाढतात. म्हणून जुलै-सप्टेंबरची तुलना एप्रिल-जूनशी न करता मागील वर्षाच्या जुलै-सप्टेंबरशी करावी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. या काळात लसीकरणाच्या वा प्रसूतीपूर्व तपासणीच्या पाठपुराव्याचा आलेख खाली आला, तर आरोग्यसेविकांनी काम सोडले असा निष्कर्ष कार्यालयात बसून निघू शकतो. आलेखाखाली ‘गळीत हंगाम’ एवढे दोन शब्द छापले तरी तो टळतो.

मांडणीच्या रूपाविषयी आमची काही आग्रही मते आहेत. रंगीत, जाड, तिरप्या ठेवलेल्या वर्तुळाकृती आलेखात पुढची फोड मोठी आणि मागची लहान दिसते. तो आलेख अहवालाची शोभा वाढवतो, ज्ञान नाही. स्तंभालेखाचा पाया शून्यापासून सुरू न केल्यास ९२ वरून ९४ वर गेलेला आकडा दुपटीने वाढल्यासारखा दिसतो, आणि हिशेब तपासणाऱ्या उद्योजकाच्या ते नजरेतून सुटत नाही. त्यानंतर खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. रक्कम लाख-कोटींत द्यावी, दशलक्षांत नको. चित्राची ताकद आम्ही नाकारत नाही. नाइटिंगेल यांनीच १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचा जो वर्तुळाकार आलेख प्रसिद्ध केला, त्यात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी कितीतरी अधिक सैनिक मेले हे एका दृष्टिक्षेपात दिसत होते. तक्ते न वाचणाऱ्या सत्ताधाऱ्यांसाठीच तो काढलेला होता.

महाराष्ट्रातील उदाहरण द्यावयाचे तर गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचे द्यावे लागेल. डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी देण्यात आली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यात शिकण्यासारखे ते ‘तुलनेत’ या शब्दात आहे. आधी-नंतरची तुलना कोणीही करतो. पण त्याच काळात इतरत्र काय झाले हे दाखवल्याखेरीज बदल कशामुळे झाला ते ठरत नाही. पुढे २००१ मध्ये राज्यातील बालमृत्यूंविषयीचा अहवाल ‘कोवळी पानगळ’ या नावाने प्रसिद्ध झाला. आकड्यांच्या अहवालाला मराठी माणसाच्या मनात उतरणारे नाव देता येते, आणि आतील आकडे तितकेच काटेकोर ठेवता येतात.

निर्धन रुग्णांविषयीची माहिती आम्ही वेगळ्या पानावर का देतो, हेही सांगावयास हवे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात. तसेच देयकांच्या एकूण रकमेच्या २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाचे असतात. शंभर खाटांच्या रुग्णालयात निर्धनांसाठी दहा खाटा, म्हणजे वर्षाला ३,६५० खाट-दिवस होतात. ‘दहा खाटा राखीव’ हे वाक्य नियम पाळल्याचे सांगते. त्या ३,६५० दिवसांपैकी किती दिवस त्या खाटांवर निर्धन रुग्ण होता, हे सेवा झाली का ते सांगते. देणगीदाराने दुसरा आकडा मागावा. तो कमी असेल तर कारण बहुधा कागदपत्रांच्या अडचणीत सापडते: उत्पन्नाचा दाखला तालुक्याच्या गावी आणि रुग्ण येथे.

विश्वस्त मंडळापुढे वा एखाद्या कंपनीच्या समितीपुढे प्रस्ताव ठेवताना आम्ही एका पानाची मर्यादा पाळतो. पहिल्याच वाक्यात कोणता निर्णय हवा आहे आणि किती रक्कम लागणार आहे ते लिहिलेले असते. त्याखाली एक आलेख, आणि आलेखाच्या शीर्षकात ‘खाटांचा वापर’ असे विषयाचे नाव न देता ‘मागील वर्षी इतक्या रात्री बाळांसाठी खाट उरली नव्हती’ असे पूर्ण वाक्य. त्यानंतर भागाकारातील खालचा आकडा कोठून घेतला, कोणती बाळे मोजली आणि कोणती मोजली नाहीत, याच्या दोन ओळी. घरी नेलेल्या बाळांची संख्या त्या दोन ओळींतच येते, तळटीपेत नाही. पानाच्या शेवटी, मदत मिळाल्यास वर्षभराने नेमका कोणता आकडा आम्ही पुन्हा दाखवू आणि तो न हलल्यास काय करू, हे लिहून त्यावर कक्षप्रमुखांची स्वाक्षरी घेतली जाते. वर्ष उलटल्यावर समितीपुढे प्रथम तेच पान ठेवले जाते, नवा प्रस्ताव त्यानंतर.